जागच्या जागी चालणारे इंजिन



या व्यासपीठावर आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थसंकल्पाची चिरफाड ऐकता. त्या थोर मंडळींच्या पंक्तीला आज आम्ही कार्बोरेटर आणून बसवीत आहोत. कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. ते विषय आम्ही सोडलेले नाहीत. परंतु आमचे जे काही शिक्षण झाले ते शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकापाशी व गॅरेजच्या ओट्यावर पुष्कळ. तेव्हा त्या ओट्यावरचा एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. जुनी मोटार रस्त्याने नीट धावते, पण सिग्नलपाशी उभी राहिली की थरथरते आणि बंद पडते. हे का होते, त्याचे कारण कसे शोधावे, आणि शोधणाऱ्याच्या पदरात काय पडते, एवढाच आजचा विषय.

या उपनगरांत हा प्रश्न परका नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना आपल्या कुर्ल्यात उभा राहिला. प्रथम तेथे अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीतल्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही मोटार कुर्ल्याहून बाहेर पडू लागली. १९६४ साली तिचे ‘११०० डी’ हे रूप आले आणि १९७४ साली त्याच गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या रंगात हीच पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. आजचे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन थांबले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालची. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. आज पद्मिनी दिसते ती हौशी माणसाच्या दारात, कापडाखाली झाकलेली. ती बांधणारे हात कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड येथल्या चाळींतले होते, आणि ती दुरुस्त करणारे हातही बहुतेक तिथलेच. म्हणून या गाडीच्या आजाराविषयी बोलताना आम्ही घरच्या माणसाविषयी बोलत आहोत, असे समजावे.

गाडी उभी असताना इंजिन सावकाश फिरत राहते, त्याला गॅरेजात ‘आयडलिंग’ म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ आळशी, बिनकामाचा. हा शब्द कोणा मालकाने शोधला असावा, अशी शंका आम्हांस नेहमी येते! कारण इंजिन त्या वेळी मुळीच रिकामे नसते. ते स्वतःचा पंखा फिरवते, पाण्याचा पंप फिरवते, बॅटरी भरते, वंगण खेळवते. मिनिटाला साडेसातशे फेऱ्या धरल्या तर चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला दीड हजार, म्हणजे सेकंदाला पंचवीस ठिणग्या पडतात, आणि त्यांतली प्रत्येक ठिणगी कामी आली तरच ते सुरळीत चालते. रस्त्यावर धावताना शंभरांतल्या चार ठिणग्या वाया गेल्या तर गाडीचा स्वतःचा वेगच तिला ओढून नेतो. उभ्या गाडीला असा आधार नाही. म्हणून इंजिनाची खरी प्रकृती ते धावताना कळत नाही, उभे असताना कळते.

आता कार्बोरेटरचे काम पाहू. पेट्रोल जळायला हवा लागते. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा, हे पुस्तकातले प्रमाण. कार्बोरेटरच्या नळीचा मधला भाग अरुंद असतो. तेथून हवा वेगाने जाते, दाब कमी होतो, आणि मुख्य जेटमधून पेट्रोल ओढले जाऊन हवेत मिसळते. नळीच्या खालच्या टोकाशी एक झडप असते. पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. पाय काढला की ती जवळजवळ मिटते, हवेचा वेग मंदावतो, आणि मुख्य जेट काम करीनासे होते. मग इंजिनाने खायचे काय? त्यासाठी कार्बोरेटरात एक वेगळी, बारीकशी वाट ठेवलेली असते. पायलट जेटमधून थोडे पेट्रोल येते, त्यात थोडी हवा मिसळते, आणि मिटलेल्या झडपेच्या खालच्या बाजूस एका छिद्रातून ते इंजिनात ओढले जाते. झडप जराशी उघडली तर मधला वेळ निभावून नेण्यासाठी तिच्या काठाशी आणखी एकदोन बारीक छिद्रे असतात. सोलेक्स जातीच्या कार्बोरेटरच्या पायलट जेटवर ५० हा आकडा असेल तर छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे आहे असे समजावे. अर्धा मिलिमीटर! कचऱ्याचा एक कण त्यात बसला तर चार सिलिंडर उपाशी राहतात.

बाहेरून हात लावण्यासारखे स्क्रू दोन. एक झडप किती मिटावी हे ठरवतो. त्याने इंजिनाची रेस कमी-अधिक होते. दुसरा मिश्रणाचा. सोलेक्समध्ये तो बाहेर काढला तर मिश्रण दाट होते, आत घेतला तर पातळ होते. हे दोन स्क्रू हाताशी आहेत, आणि सगळ्या घोटाळ्याचे मूळ तेच आहे. गाडी सिग्नलला बंद पडली की जो तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या दोन स्क्रूंवर तुटून पडतो. आमच्या भाषेत सांगायचे तर आरोपपत्र नाही, चौकशी नाही, आणि कार्बोरेटर एकदम बडतर्फ!

चौकशीचा क्रम असा असावा. पहिली गोष्ट, गाडी चालवणाऱ्याला विचारा. सकाळी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? वेगाने येऊन एकदम थांबल्यावर की बराच वेळ रांगेत उभी राहिल्यावर? पेट्रोल भरल्यानंतर सुरू झाले की पावसानंतर? रोज आठ तास जो गाडीत बसतो त्याला अर्धे निदान ठाऊक असते. पण त्याला विचारण्याची रीत नाही. कारखान्यातही असेच आहे. यंत्र बिघडले की बाहेरून तज्ज्ञ येतात, आणि यंत्रापाशी उभा असलेला माणूस त्यांच्या चहाची व्यवस्था पाहतो.

दुसरी गोष्ट, ठिणगी तपासा. इंजिन सावकाश चालू ठेवून इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेका प्लगची टोपी काढून पाहावी. टोपी काढल्यावर इंजिन अडखळले तर तो सिलिंडर काम करीत होता. काढूनही काही फरक पडला नाही तर तोच सिलिंडर कामचुकार. मग प्लग काजळला आहे काय, त्याची फट बरोबर आहे काय, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळाले आहेत काय, कंडेन्सर गेला आहे काय, टायमिंग सरकले आहे काय, हे पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहावे. पावसाळ्यात अंधेरीच्या सबवेतले पाणी गाडीने एकदा अंगावर घेतले की डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल राहते. ती कोरड्या फडक्याने पुसली की जो कार्बोरेटर उगाच खोलायला निघाले होते तो सुटतो.

तिसरी गोष्ट, व्हॉल्व. टॅपेट फार घट्ट बसवले असतील तर व्हॉल्व पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. वेगात त्याला निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून दोष झाकला जातो. सावकाश चालताना तो उघडा पडतो. टॅपेटची फट मोजणे हे एका साध्या पट्टीचे काम आहे, पण ते कार्बोरेटरला हात लावण्याच्या आधी झाले पाहिजे.

चौथी गोष्ट चोरट्या हवेची, आणि आमच्या मते हीच सर्वांत जास्त चुकते. कार्बोरेटरच्या खाली गॅसकेट असते, त्याखाली मॅनिफोल्ड, त्याचे पुन्हा गॅसकेट. शिवाय रबरी नळ्या. यांपैकी कोठेही फट पडली की मोजून न आलेली हवा आत घुसते आणि मिश्रण पातळ होते. कोणी म्हणेल, एवढ्या केसासारख्या फटीने काय होणार? लग्नाच्या पंगतीत एक आगंतुक बसला तर यजमानाला पत्ता लागत नाही. पण घरात दोन माणसांची भाकरी थापली असताना पाहुणा आला तर कोणाला तरी अर्धपोटी उठावे लागते. वेगात इंजिन पंगतीएवढी हवा घेते, तेव्हा ही फट जाणवत नाही. उभ्या गाडीत हवा मोजकी असते, तेव्हा तीच फट घात करते.

ती शोधण्याचा उपाय स्वस्त आहे. साबणाचे पाणी किंवा पातळ तेलाचे थेंब जोडांवर एकेक करून सोडावेत. ज्या जागी थेंब पडताच इंजिनाचा आवाज बदलतो तेथे फट आहे. काही लोक यासाठी पेट्रोल शिंपडतात. तसे कदापि करू नये. गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे जळत्या चुलीवर रॉकेल. फट सापडली की नट आवळून टाकण्याचाही मोह टाळावा. नट फाजील आवळल्यानेच कार्बोरेटरचे कान वाकतात आणि बूड सपाट राहत नाही. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर अंथरून ते बूड हळूहळू घासून सपाट करतात. झडपेचा दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक पन्नास वर्षांत झिजून लांबट होते. तेथूनही हवा शिरते. त्याला पितळी बुश घालावे लागते, आणि ते काम अजून साकीनाक्याच्या एखाद्या लेथवर चोख होते.

पाचवी गोष्ट, पेट्रोल. फ्लोटची पातळी जास्त असेल तर पेट्रोल ओसंडून इंजिन गुदमरते. कमी असेल तर उपासमार. मे महिन्यात लाल बहादुर शास्त्री मार्गावर घाटकोपरच्या रांगेत गाडी अर्धा तास अडकली म्हणजे पेट्रोल पंपात आणि नळीत तापून त्याची वाफ होते. जुने टॅक्सीवाले पंपावर ओले फडके टाकीत. लोक हसत, पण शास्त्र त्यांच्या बाजूचे होते. शिवाय आता एक नवी गोष्ट आली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशात मिळू लागले आणि पुढे तेच सर्वत्र झाले. इथेनॉलच्या अंगात प्राणवायू असतो, त्यामुळे अशा पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७ नव्हे तर १३.५ च्या आसपास लागते. जुन्या मापाच्या जेटमधून ते आले तर मिश्रण पातळ पडते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. गाडी महिना-दोन महिने कापडाखाली उभी राहिली तर टाकीत पाणी साचण्याची भीती. फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसला तर स्क्रू फिरवून काही होणार नाही.

एवढे सारे निर्दोष ठरल्यावर सहाव्या पायरीवर कार्बोरेटर उघडायचा. पायलट जेट काढून ते हवेच्या झोताने साफ करावे. तार घालू नये. पितळ मऊ असते, तारेने छिद्र मोठे होते, आणि मग ते पुन्हा लहान करता येत नाही. नंतर सगळे बसवून, इंजिन नेहमीसारखे गरम होऊ देऊन, चोक पूर्ण सोडून, मिश्रणाचा स्क्रू अलगद आत टेकवावा आणि सुमारे दीड फेरी बाहेर घ्यावा. टेकवताना जोर लावला तर त्याच्या टोकाला कंगोरा पडतो. मग तो किंचित आत-बाहेर करून जेथे इंजिन सर्वांत जलद व गुळगुळीत चालते ती जागा शोधावी. रेस वाढली असेल तर झडपेचा स्क्रू सैल करून ती उतरवावी. पुन्हा मिश्रण पाहावे, पुन्हा रेस. दोनतीन आवर्तनांत इंजिन स्थिरावते. बोनेटवर ठेवलेल्या पेल्यातले पाणी डुचमळले नाही की काम झाले.

आता एक खूण सांगतो, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. मिश्रणाचा स्क्रू आत-बाहेर फिरवला तरी इंजिनाला काही फरकच पडत नाही, असे पुष्कळदा आढळते. याचा अर्थ स्क्रू निकामी झाला असा नव्हे. बहुधा आधी कोणीतरी गाडी बंद पडू नये म्हणून रेसचा स्क्रू आवळून ठेवलेला असतो. त्यामुळे झडप इतकी उघडी राहते की ती मधल्या छिद्रांच्या पुढे जाते, आणि इंजिन आपले खाणे भलत्याच वाटेने घेऊ लागते. गाडी बंद पडत नाही खरी, पण ती गुरगुरते, तापते, जास्त पेट्रोल पिते, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. रेस वाढवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो दोषावर घातलेला बुरखा आहे. कारखान्यात माणसे कमी पडली की ओव्हरटाइम वाढवतात. उत्पादनाचा आकडा टिकतो, साहेब खूश राहतात, आणि माणसे कमी आहेत ही गोष्ट कागदावर दिसेनाशी होते. आम्ही असे रेस वाढवलेले कारखाने पाहिले आहेत. ते चालू दिसतात, पण त्यांना थांबता येत नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, ही टॅक्सीची कथा झाली. हौशी लोकांच्या ऐटदार स्पोर्ट्स गाड्यांचे काय? मुंबईत जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात, तेव्हा एखादी एम. जी. आपण पाहिली असेल. लांब नाक, दोन माणसांची जागा, उघडे छत. तिच्या जुन्या ‘टी’ मालिकेतल्या गाड्या १९३६ ते १९५५ या काळातल्या. १९६२ ते १९८० या काळात ‘एम. जी. बी.’ निघाली. या गाड्यांना बहुधा दोन कार्बोरेटर असतात, आणि ते एस. यू. जातीचे. एस. यू. म्हणजे काय, ठाऊक आहे? स्किनर्स युनियन! कार्बोरेटरच्या नावात युनियन आहे हे समजले तेव्हा आम्हांस फार आनंद झाला. पुढे कळले की ही युनियन कामगारांची नव्हे, स्किनर भावांची, आणि त्यांचे घराणे मूळचे जोड्यांच्या व्यापारातले. त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरात चामड्याचा भाता होता. म्हणजे चांभाराच्या कलेने मोटारीला श्वास दिला, असे म्हणायला हरकत नाही.

एस. यू.मध्ये वेगळे पायलट जेट नाही. एकच जेट, त्यात वरून येणारी निमुळती सुई, आणि हवेच्या ओढीने वर-खाली होणारा पिस्टन. तेव्हा येथे सावकाश चालण्याचा दोष म्हणजे पिस्टन अडकणे, सुई जेटला घासणे, किंवा दोन कार्बोरेटरांत फूट पडणे. फूट ओळखण्यासाठी दोघांना जोडणारा दांडा प्रथम सैल करतात. मग रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे एकदा या कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि एकदा त्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात. दोन्हींचा सूसू आवाज सारखा येईपर्यंत ज्याचा त्याचा झडपेचा स्क्रू जुळवतात. त्यानंतर मिश्रण. जेटखालच्या षटकोनी नटाचा एकेक पैलू मोजून दोन्हीकडे सारखाच फिरवायचा. परीक्षा अशी, की पिस्टन जेमतेम नखाएवढा उचलावा. इंजिन क्षणभर किंचित चढून पुन्हा स्थिर झाले तर मिश्रण ठीक. चढून चढतेच राहिले तर दाट. बंद पडू लागले तर पातळ. हे दोन्ही कार्बोरेटरांना वेगवेगळे करून पाहावे, आणि मगच दांडा पुन्हा आवळावा. एक बैल ओढतो आणि दुसरा नुसता चालतो, अशी गाडी रस्त्यावर पळते, पण उभी राहिली की खडखडते. महागड्या गाडीलाही क्रम तोच आहे. ठिणगी, व्हॉल्व, चोरटी हवा, पेट्रोल, आणि शेवटी कार्बोरेटर.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. मिश्रण दाट असले की पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणून इमारतीच्या तळघरात किंवा शटर ओढलेल्या गॅरेजात इंजिन चालू ठेवून जुळवाजुळव करू नये. शटर उघडा, शक्य तर गाडी बाहेर घ्या. पी. यू. सी.च्या तपासणीत जुन्या चारचाकी पेट्रोल गाडीला या वायूची ३ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती तपासणी उभ्या गाडीवर, सावकाश चालत्या इंजिनावरच होते. दाखल्यापुरता मिश्रणाचा स्क्रू आत घ्यायचा आणि कोपऱ्यावर जाऊन पुन्हा बाहेर काढायचा, असे करणारे लोक आहेत. दाखला मिळतो, पण धूर शेजाऱ्यांच्या मुलांनाच मिळतो.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला त्या गोष्टीकडे येतो. १९९६ सालच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका टॅक्सीचालकाची गाडी सिग्नलला बंद पडू लागली. गाडी त्याची नव्हती. रोजचे भाडे मालकाला देऊन उरेल ते त्याचे. एका गॅरेजात त्याचा कार्बोरेटर बदलला. जुना मोडीत गेला. तरी गाडी बंद पडतच राहिली. चार दिवस धंदा बुडाला, मालकाचे भाडे मात्र बुडाले नाही. शेवटी कुर्ल्यातल्या एका वयस्क मिस्त्रीने साबणाचे पाणी सोडून मॅनिफोल्डचे फाटलेले गॅसकेट दाखवले. गॅसकेटची किंमत एका जेवणाएवढी होती. आम्ही त्या मिस्त्रीला विचारले, पहिल्या गॅरेजवाल्याला हे कळत नव्हते काय? तो म्हणाला, “कळत असेल. पण शोधायला दोन तास लागतात, आणि शोधण्याचे पैसे कोण देतो?”

बंधुभगिनींनो, सारे मर्म या प्रश्नात आहे. गिऱ्हाईक नव्या वस्तूचे पैसे निमूट देते, कारण वस्तू हातात दिसते. मिस्त्रीने दोन तास कान लावून, एकेक जोड तपासून ‘वस्तू बदलायची गरज नाही’ असे सांगितले तर तेच गिऱ्हाईक म्हणते, मग पैसे कशाचे? अशाने जो प्रामाणिकपणे शोधतो तो उपाशी राहतो आणि जो वस्तू बदलतो तो गॅरेज वाढवतो. मग मिस्त्री वस्तू बदलणारा झाला, तर दोष एकट्या त्याच्या नीतीचा कसा? मजुरीची रीत माणसाची नीत घडवते, ही गोष्ट आम्ही तीस वर्षे कारखान्याच्या फाटकापाशी पाहत आलो आहोत.

कोणी म्हणेल, कार्बोरेटरच गेला, आता या विद्येला कवटाळून काय मिळणार? नव्या मोटारींत संगणक पेट्रोल फवारतो. खरे आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावरही केवळ दोषाचा आकडा येतो, दोषाचे कारण येत नाही. ‘मिश्रण पातळ’ असे तो सांगतो. ते चोरट्या हवेने पातळ झाले, पंपाने की कचऱ्याने, हे माणसालाच शोधावे लागते. आणि तेथेही पडद्यावर नाव आले तो भाग बदलून मोकळे होणारे आहेतच. यंत्र बदलले, शोधण्याचा क्रम तोच राहिला, आणि शोधण्याला मजुरी नाही हा अन्यायही तोच राहिला.

म्हणून आमच्या दोनच मागण्या आहेत. मोटारवाल्यांना विनंती अशी, की गॅरेजात गेल्यावर तपासणीची मजुरी वेगळी विचारा आणि वेगळी द्या, मग बदलण्यासारखे काही निघो वा न निघो. आणि गॅरेजांत, औद्योगिक शिक्षण संस्थांत शिकवणाऱ्यांना विनंती अशी, की कुर्ला, अंधेरी, बोरीवली, मुलुंड येथे अजून जे वयस्क मिस्त्री आहेत त्यांना मुलांपुढे आणून बसवा, त्यांना मानधन द्या, आणि ते जे सांगतील ते मराठीत उतरवून घ्या. पाठ्यपुस्तकात जेटचे माप आहे. फट कोठे पडली हे आवाजावरून ओळखणारा कान मात्र पुस्तकात नाही, आणि तो त्या माणसांबरोबर जाणार आहे.

शेवटी एक गोष्ट. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. त्या काळीही मालकांचा समज असाच होता, की थांबलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस. लोखंड्यांनी तो खोडून काढला. थांबता येणे हे प्रकृतीचे लक्षण आहे, माणसाच्या आणि इंजिनाच्याही. उभे राहिल्यावर जे बंद पडते त्याला चाबूक दाखवू नये, त्याची रेस वाढवू नये. ते का बंद पडते हे आधी शोधावे, आणि शोधणाऱ्याला त्याचा मोबदला द्यावा.